'मी रुचेन' : प्लासिबोच्या एका बाटलीचे परीक्षण

परीक्षणासाठी माझ्यासमोर असलेली वस्तू म्हणजे पांढऱ्या प्लास्टिकची एक लहानशी बाटली आहे. तिच्यात ६० कॅप्सूल होत्या. प्रत्येक कॅप्सूल अर्धी निळी, अर्धी पांढरी. लेबलवर ठळक अक्षरांत 'प्लासिबो' हा एकच शब्द आहे आणि त्याखाली घटकांची यादी आहे : सेल्युलोजची भुकटी आणि कॅप्सूलचे आवरण. औषधी द्रव्याच्या रकान्यात 'काही नाही' असे लिहिलेले असून त्याच्या लगेच खाली मात्रा दिली आहे : दोन कॅप्सूल, दिवसातून दोन वेळा, पुरेशा पाण्याबरोबर. ज्यात काही नाही ते किती घ्यावे हे इतक्या काटेकोरपणे सांगितलेले पाहून मला आधी हसू आले आणि मग कौतुक वाटले, कारण वेळच्या वेळी, मोजून आणि पाण्याबरोबर घेणे हाच या वस्तूच्या उपयोगाचा मोठा भाग आहे, हे तिच्या निर्मात्यांनी ओळखलेले दिसते.

परदेशातील एक छोटी कंपनी ही बाटली उघडपणे, आत काय आहे ते सांगून विकते. माझा भाचा तिकडून येताना माझ्या सांगण्यावरून ती घेऊन आला. आपल्या पैशांत ती साधारण १,७०० रुपयांना पडली. सेल्युलोजच्या भुकटीला ही किंमत जास्तच आहे, पण किमतीचा प्रश्न या वस्तूच्या बाबतीत सरळ नाही आणि त्याकडे मी पुढे येणार आहे.

ही खरेदी मी कुतूहलापोटी केली असली तरी ते कुतूहल माझ्या पोटापाण्याच्या व्यवसायातून आलेले आहे. नव्या औषधांच्या चाचण्यांत भाग घेणाऱ्यांकडून जी संमतिपत्रे भरून घेतली जातात, ती इंग्रजीतून मराठीत आणण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे. या कामात 'प्लासिबो' या शब्दाने मला जितके छळले तितके दुसऱ्या कोणत्याही शब्दाने छळलेले नाही. 'बनावट औषध' असे लिहावे, तर अन्न व औषध प्रशासनाचे छापे डोळ्यांसमोर येतात. 'खोटे औषध' लिहिले, तर माझ्या मराठी मजकुराचे पुन्हा इंग्रजीत भाषांतर करून तपासणारी व्यक्ती त्याचा अर्थ फसवणूक असा लावते आणि नीतिसमितीकडून कागद परत येतो. 'छद्म औषध' हा शब्द निर्दोष आहे, पण ज्याच्यासाठी तो लिहायचा त्याला तो कळत नाही. एकदा मी 'साखरेची गोळी' असे सोपे करून लिहिले आणि ती चाचणी मधुमेहाची होती. शेवटी 'औषधासारखी दिसणारी, पण औषध नसलेली गोळी' अशी लांबलचक शब्दयोजना पक्की झाली. एका शब्दाला सहा शब्द लागले. एवढ्या लहानशा शब्दात असे काय साठले आहे, हे पाहण्याची इच्छा तेव्हापासून मनात होती, आणि तोच शब्द लेबलवर मिरवणारी बाटली विकत मिळते आहे असे कळल्यावर ती मागवल्याशिवाय राहवले नाही.

बाटलीसोबत एक घडीपत्रक येते. त्याचे पहिलेच वाक्य असे आहे की, 'प्लासिबो' हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ 'मी संतुष्ट करीन' असा आहे. हे चूक नाही, पण पुरेसेही नाही. प्राचीन रोममध्ये 'प्लकेबो', चर्चमधील गायनात 'प्लाचेबो' आणि इंग्रजांच्या तोंडी 'प्लसीबो' असा उच्चार असलेला हा शब्द नाम नव्हेच. तो भविष्यकाळातले, प्रथमपुरुषी एकवचनी क्रियापद आहे. औषधांच्या कपाटात इतकी लॅटिन नामे आणि विशेषणे पडलेली असताना, पूर्ण वाक्याइतका अर्थ असलेले हे क्रियापद त्यांच्यामध्ये येऊन बसले आहे, ही गोष्टच मला विलक्षण वाटते. शिवाय त्याचा धातू चतुर्थी मागतो. ज्याला संतुष्ट करायचे तो लॅटिनमध्ये कर्म म्हणून येत नाही, त्याच्या नावाला आपल्या 'ला'सारखा प्रत्यय लागतो. मराठीत याला तंतोतंत जुळणारे क्रियापद आहे. तो मला रुचतो, मी त्याला रुचते, या रचनेतले 'रुचणे' घेतले की 'प्लासिबो'चा नेमका अर्थ 'मी रुचेन' असा होतो. औषध रुचत नाही असे आपण म्हणतोच. पत्रक लिहिणाऱ्याला मराठी येत असते, तर त्याचे काम एका शब्दात झाले असते.

हे क्रियापद औषधांच्या वाटेला कसे लागले, याबद्दल पत्रकात 'मध्ययुगीन प्रार्थनेतून' एवढेच शब्द आहेत आणि पुढे एकदम मेंदूतील रसायनांची रंगीत आकृती येते. माझी पहिली मोठी तक्रार येथे आहे, कारण मधली हकिकत आकृतीपेक्षा कितीतरी अधिक रंजक आहे. हिब्रू स्तोत्रसंहितेतील ११६व्या स्तोत्राच्या नवव्या ओळीत, जिवंतांच्या भूमीत मी परमेश्वरासमोर चालेन, अशा अर्थाचे वचन आहे. ग्रीक भाषांतरकारांनी देवासमोर चालणे याचा अर्थ देवाला आवडेल असे वागणे असा घेतला आणि 'चालेन'च्या जागी 'प्रसन्न करीन' अशा अर्थाचे क्रियापद वापरले. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोम यांनी त्या ग्रीक पाठाच्या आधारे लॅटिन स्तोत्रे तपासून सुधारली, तेव्हा त्यांत 'प्लासिबो डोमिनो' हे शब्द होते, म्हणजे मी प्रभूला रुचेन. पुढे त्याच जेरोम यांनी थेट हिब्रूवरून दुसरे भाषांतर केले आणि त्यात प्रामाणिकपणे 'देआम्बुलाबो', म्हणजे 'मी चालेन', असे लिहिले. पण चर्चमधील उपासनेत पहिला पाठच रुळला. मराठी बायबलात हिब्रूला धरून चालण्याचीच भाषा आहे. जेरोम यांची दुसरी आवृत्ती गळ्यांत बसली असती, तर आज माझ्या बाटलीवर कदाचित 'देआम्बुलाबो' छापलेले असते आणि गुडघेदुखीवर ते अधिक शोभले असते. भाषांतर करून पोट भरणाऱ्या व्यक्तीला यात एक गुप्त समाधान आहे : ज्या शब्दाने माझा घाम काढला, तो स्वतःच भाषांतरकाराच्या एका निवडीतून जन्मला आहे.

मध्ययुगीन युरोपात मृतांसाठी जी प्रार्थना म्हटली जाई, तिच्या संध्याकाळच्या भागाची सुरुवात या ओळीने होत असल्यामुळे त्या भागालाच लोक 'प्लासिबो' म्हणू लागले. पहाटेच्या भागाला त्याच्या पहिल्या शब्दावरून 'दिरिगे' म्हणत आणि शोकगीतासाठीचा इंग्रजी शब्द 'डर्ज' त्यातूनच आला. आरतीला किंवा अभंगाला आपण पहिल्या शब्दांनीच ओळखतो, तसाच हा प्रकार होता. श्रीमंत लोक आपल्या आत्म्यासाठी ही प्रार्थना म्हटली जावी म्हणून मृत्युपत्रात पैसे ठेवत. जेथे पैसे आणि जेवण आहे तेथे गळा काढणारेही जमतात, हे तेराव्याची पंगत पाहिलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. चौदाव्या शतकात इंग्रजीत 'प्लासिबो गाणे' याचा अर्थ तोंडपुजेपणा करणे असा झालेला होता. इंग्रज कवी चॉसरच्या एका कथेत म्हातारपणी लग्न करायला निघालेल्या सरदाराला त्याचे दोन भाऊ सल्ला देतात. त्यांतल्या एकाचे नाव प्लासिबो आहे आणि तो थोरल्या भावाच्या प्रत्येक बोलण्याची री ओढतो. आपल्या भाषेत सांगायचे तर तो होयबा आहे. म्हणजे जो शब्द देवाला रुचण्याच्या प्रतिज्ञेपासून निघाला, तो मालकाला रुचण्याच्या धंद्यापर्यंत पोहोचला होता, आणि औषधशास्त्रात त्याचा प्रवेश व्हायला अजून ४०० वर्षे होती.

अठराव्या शतकात डॉक्टरांनी हा शब्द उचलला तो याच तिरकस अर्थाने. एडिंबरो येथील नामांकित वैद्यक-प्राध्यापक विल्यम कलन यांनी १७७२ मधील व्याख्यानांत एका रुग्णाची हकिकत सांगताना म्हटले की, मला या उपायावर फारसा भरवसा नव्हता, पण काहीतरी औषध देणे भाग असल्यामुळे मी तो प्लासिबो म्हणून दिला. त्यांनी दिलेली वस्तू मोहरी होती. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण त्या काळचा प्लासिबो निष्क्रिय असलाच पाहिजे असे नव्हते. देणाऱ्याचा त्यावर विश्वास नाही, एवढेच पुरेसे होते. १७८५ मधील मदर्बी यांच्या वैद्यक शब्दकोशात हा शब्द 'सर्वसाधारण पद्धत किंवा औषध' इतक्या बेफिकीर अर्थाने येतो. १८११ मध्ये हूपर यांच्या कोशात मात्र व्याख्या नेमकी झालेली दिसते : रुग्णाला लाभ व्हावा यापेक्षा त्याला खूश करावे यासाठी दिलेले औषध. देव गेला, सरदार गेला आणि त्यांच्या जागी रुग्ण आला. अमेरिकेचे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी १८०७ मध्ये एका पत्रात लिहिले आहे की, त्यांच्या माहितीतील एक अत्यंत यशस्वी वैद्य पावाच्या गोळ्या, रंगीत पाण्याचे थेंब आणि हिकरी लाकडाची राख या वस्तू इतर सर्व औषधे मिळून होतील त्यांपेक्षा जास्त वापरत असे. जेफरसन यांनी याला पवित्र फसवणूक म्हटले आहे.

हे वाचताना मला आमच्या लहानपणीचा दवाखाना आठवतो. रुग्णाने घरून बाटली न्यायची, कंपाउंडरने मोठ्या बरणीतून तिच्यात लाल औषध ओतायचे आणि बाटलीच्या पाठीवर कात्रीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायची, ही पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना प्लासिबोची व्याख्या वेगळी सांगावी लागत नाही. त्या लाल औषधात काही नव्हते असे मी म्हणणार नाही, पण सर्दी, पोटदुखी आणि परीक्षेआधीचा ताप या सर्वांना ते एकाच बरणीतून मिळत असे. मोठी माणसे त्याला औषधाचा गुण म्हणत नसत. 'डॉक्टरांच्या हाताला गुण आहे' असे म्हणत. 'हातगुण' हा शब्द मला या संदर्भात इंग्रजी-लॅटिन शब्दापेक्षा सरस वाटतो, कारण त्यात गोळीचा उल्लेखच नाही. संमतिपत्रात मात्र तो वापरता येत नाही. 'तुम्हाला औषध मिळेल किंवा हातगुण मिळेल' असे लिहिले असते तर समितीने मला घरी पाठवले असते.

विसाव्या शतकात शब्दाचे काम पुन्हा बदलले आणि आज आपण तो वापरतो तो बहुतांशी या नव्या नोकरीतला अर्थ आहे. वास्तविक हे काम शब्द त्या नोकरीत येण्याआधीच सुरू झाले होते. अमेरिकेतील एलिशा पर्किन्स यांनी १७९६ मध्ये धातूच्या दोन टोकदार सळ्यांचे पेटंट घेतले आणि त्या दुखऱ्या भागावरून फिरवल्या की दुखणे ओढून निघते असे सांगून त्या विकल्या. १७९९ मध्ये इंग्लंडमधील बाथ येथे जॉन हेगार्थ या डॉक्टरांनी लाकडाच्या सळ्यांना धातूसारखा रंग देऊन त्या जुनाट संधिवाताच्या पाच रुग्णांवर फिरवल्या, तेव्हा चौघांनी आराम पडल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी खऱ्या सळ्यांनीही तितकाच आराम पडला. खऱ्याशेजारी खोटे ठेवून खऱ्याची परीक्षा घेण्याची ही रीत पुढे औषधांच्या चाचण्यांचा कणा झाली. १९५५ मध्ये हार्वर्डचे भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांनी १५ चाचण्यांची आकडेवारी एकत्र करून सुमारे ३५ टक्के रुग्णांना प्लासिबोने समाधानकारक आराम पडतो असे मांडले. तो आकडा पुढे सर्वत्र फिरला. पत्रकातही तो आहे, आणि तो बीचर यांच्या नावाशिवाय, जणू निसर्गनियम असावा तसा दिलेला आहे. वस्तुतः दुखणे आपोआप ओसरते, लोक डॉक्टरांकडे जातात तेच मुळी दुखणे टोकाला गेलेले असताना, आणि त्यानंतर ते उतरणारच असते, या गोष्टी बीचर यांच्या हिशेबात वेगळ्या काढलेल्या नव्हत्या. २००१ मध्ये डेन्मार्कमधील दोन संशोधकांनी, ज्यांत एका गटाला प्लासिबो आणि दुसऱ्या गटाला काहीच दिलेले नव्हते अशा ११४ चाचण्या तपासल्या. वेदनेसारख्या रुग्णाने स्वतः सांगायच्या तक्रारींत थोडा फरक आढळला, बाकी ठिकाणी लक्षणीय परिणाम फारसा दिसला नाही. १,७०० रुपये घेणाऱ्या पत्रकाने हे सांगायला हवे होते.

मात्र ही सगळी मनाची समजूतच आहे, असे म्हणणाऱ्यांनाही एक प्रयोग सांगितला पाहिजे. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील संशोधकांनी, अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना प्लासिबोने पडलेला आराम नॅलॉक्सोन या द्रव्याने निघून जातो असे दाखवले. नॅलॉक्सोन हे मॉर्फिनसारख्या द्रव्यांचा परिणाम रोखते; तेव्हा शरीर स्वतःच तशी वेदनाशामके तयार करत असावे, असा निष्कर्ष निघाला. पत्रकातील रंगीत आकृती याच विषयाची आहे आणि ती चांगली आहे.

आपल्याकडे हा शब्द घरोघरी गेला तो कोव्हिडच्या साथीत. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत २५,८०० स्वयंसेवक होते आणि त्यांतल्या निम्म्यांना लस नसलेले इंजेक्शन मिळणार होते. त्या महिन्यांत मला ओळखीच्या अनेकांचे फोन आले आणि जवळपास प्रत्येकाने 'म्हणजे आम्हाला फसवणार का?' असे विचारले. कलन आणि जेफरसन यांच्या काळातला अर्थ मराठी माणसाच्या कानाला नेमका ऐकू आला होता, फक्त तो २०० वर्षे उशिरा ऐकू आला होता, कारण चाचणीतल्या प्लासिबोविषयी माणसाला आधी सांगितलेले असते आणि त्याची सही घेतलेली असते.

आता वापराविषयी. उघडपणे दिलेल्या प्लासिबोची कल्पना २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डच्या एका अभ्यासातून लोकांपुढे आली. आतड्याच्या चिवट तक्रारी असलेल्या ८० रुग्णांपैकी काहींना 'प्लासिबो' असे लिहिलेल्या बाटलीतून गोळ्या दिल्या, त्यांत औषध नाही असे स्पष्ट सांगितले आणि दिवसातून दोन वेळा दोन दोन घ्यायला सांगितले. तीन आठवड्यांनी त्यांच्यातील ५९ टक्के लोकांनी पुरेसा आराम पडल्याचे सांगितले. गोळी न मिळालेल्या गटात हे प्रमाण ३५ टक्के होते. माझ्या बाटलीवरील मात्रा थेट तेथून उचललेली आहे. त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, तिचा उल्लेख पत्रकात नाही : गोळ्या देण्यापूर्वी डॉक्टर रुग्णासमोर बसून, शरीराची सवय आणि अपेक्षा कशी काम करते हे समजावून सांगत होते.

मी ठरल्याप्रमाणे दोन आठवडे कॅप्सूल घेतल्या. संगणकासमोर बसून माझी मान दुखते, हे या प्रयोगासाठी सोयीचे होते. पहिले तीन दिवस काहीच फरक पडला नाही. चौथ्या दिवसापासून मान हलकी वाटू लागली आणि बाराव्या दिवशी ९० पानांचा एक मसुदा आल्यावर पुन्हा जड झाली. यातून मी काहीही सिद्ध करू इच्छित नाही; माझी मान कामाच्या पानांनुसार दुखते हे मला आधीही माहीत होते. कॅप्सूल गिळायला सोपी आहे, तिला वास नाही आणि निळा रंग डोळ्यांना शांत वाटतो. गोळीच्या रंगाने लोकांच्या अपेक्षा बदलतात, तांबडी आणि पिवळी उत्साह देणारी वाटते, निळी आणि हिरवी शामक वाटते, असे १९९६ मधील एका आढाव्यात आढळले होते, तेव्हा ही निवड विचारपूर्वक केलेली असावी.

किमतीबाबतही तेच. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ८२ जणांना विजेचे सौम्य झटके देऊन वेदनाशामक म्हणून निष्क्रिय गोळी दिली गेली. निम्म्यांना ती अडीच डॉलरची आहे असे सांगितले आणि बाकीच्यांना तिची किंमत उतरून १० सेंट झाली आहे असे सांगितले. महाग गोळीने वेदना कमी झाल्याचे ८५ टक्के लोक म्हणाले, स्वस्त गोळीच्या बाबतीत ६१ टक्के. हे वाचल्यावर १,७०० रुपये जास्त आहेत अशी तक्रार ग्राहकाने करावी की कमी आहेत अशी, हे मला ठरवता आलेले नाही.

घटकांच्या यादीसाठी या कंपनीला पूर्ण गुण दिले पाहिजेत. २०१० मधील एका पाहणीत असे दिसले की, नामांकित नियतकालिकांत छापल्या गेलेल्या गोळ्यांच्या चाचण्यांपैकी दहातल्या एकीनेही प्लासिबोत काय होते ते सांगितलेले नव्हते. कोलेस्टेरॉलवरील काही जुन्या चाचण्यांत प्लासिबो म्हणून ऑलिव्हचे तेल वापरले गेले होते, आणि ते स्वतःच त्या बाबतीत अगदी निरुपद्रवी प्रेक्षक नसते. आपल्या ओळखीचे उदाहरण द्यायचे तर माला-डीच्या पाकिटातील शेवटच्या सात तपकिरी गोळ्या. पाकिटाचा क्रम चुकू नये म्हणून त्या असतात, त्यांत संप्रेरक नसते, आणि तरीही त्या पोकळ नसतात, कारण त्यांत लोह असते. 'काही नाही' म्हणजे नेमके काय नाही, हे दर वेळी विचारावे लागते. माझ्या बाटलीने ते न विचारता सांगितले.

'दुष्परिणाम : नाहीत' ही पत्रकातील ओळ मात्र मी मान्य करणार नाही. १९६१ मध्ये वॉल्टर केनेडी यांनी 'प्लासिबो'च्या जोडीला 'नोसिबो' हा शब्द घडवला. त्याचा लॅटिन अर्थ 'मी अपाय करीन' असा आहे आणि त्याच धातूतून निरपराध या अर्थाचा इंग्रजी 'इनोसंट' आला आहे. अपाय होईल या अपेक्षेनेच होणारा त्रास या शब्दाने दर्शवला जातो. कोव्हिड लशींच्या १२ चाचण्यांच्या एका एकत्रित विश्लेषणात, पहिल्या प्लासिबो इंजेक्शननंतर सुमारे ३५ टक्के लोकांनी डोकेदुखी, थकवा अशा तक्रारी सांगितल्या होत्या. जी गोळी अपेक्षेच्या बळावर बरे करते असा दावा आहे, ती अपेक्षेच्या बळावर त्रासही देऊ शकते; एक मान्य करून दुसरे नाकारता येणार नाही.

माझा मुख्य आक्षेप मात्र पत्रकावर नाही, वस्तूच्या मांडणीवरच आहे, आणि तो शब्दाच्या व्याकरणातून निघतो. स्तोत्रात 'मी रुचेन' म्हणणारा भक्त होता. पैसे घेऊन गाणारा भाट होता, होयबा भाऊ होता, मोहरी देणारा कलन होता, बरणीतून लाल औषध ओतून देणारे आमचे डॉक्टर होते. काही प्रामाणिक होते, काही नव्हते, पण प्रत्येक वेळी त्या क्रियापदाला कर्ता होता. चाचणीतही समोर बसून संमतिपत्र वाचून दाखवणारे कोणीतरी असते. या बाटलीत क्रियापद आहे आणि 'मी' नाही. घरपोच आलेली भुकटी मला रुचण्याचे वचन देते, पण ते कोणाच्या तोंडून, हे लेबलवर लिहिलेले नाही. २०१०च्या अभ्यासातून कंपनीने गोळी आणि मात्रा घेतली आणि समजावून सांगणारा डॉक्टर तेथेच ठेवला.

शेजारच्या काकूंनी बाटली पाहून 'होमिओपॅथीच्या का गं?' असे विचारले. त्यांच्याशी माझे संबंध चांगले असल्यामुळे मी त्या विषयात शिरले नाही.

ज्यांना शब्दांचे वेड आहे, ज्यांना चाचण्यांविषयी शिकवायचे आहे किंवा वैद्यकीय महाविद्यालयात जाणाऱ्या भाचीला वाढदिवसाची विचित्र भेट द्यायची आहे, त्यांनी ही बाटली जरूर घ्यावी. ज्यांना खरोखर काही दुखत आहे त्यांनी आधी डॉक्टरांकडे जावे, आणि जे चालू औषध थांबवून ही घेण्याचा विचार करत असतील त्यांनी ती विकत घेऊच नये. पत्रकातही ही सूचना आहे, फक्त ती मागच्या बाजूला आणि फार बारीक अक्षरांत आहे. पाचपैकी तीन तारे, त्यांतला एक घटकांच्या यादीसाठी.

चौदा दिवसांनंतर चार कॅप्सूल उरल्या. आईचे गुडघे दुखतात. तिला मी बाटलीत काय आहे ते सगळे सांगितले, अगदी सेल्युलोज म्हणजे लाकडातला आणि कापसातला तंतू इथपर्यंत. तिने बाटली हातात घेऊन पाहिली आणि परत दिली. 'मी होऊन नाही घ्यायची,' ती म्हणाली, 'तू देणार असशील तर दे.' म्हणून रात्री जेवणानंतर दोन आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन, अशा त्या मी तिला पेल्यात पाणी घेऊन दिल्या. दुसरी बाटली मागवलेली नाही.